चिनी दारराखे आमच्या कवाडावर: एका पेंटरचा अभिप्राय

ज्यांना घ्यावं की नाही एवढंच पाहिजे, त्यांना आधीच सांगून टाकतो. चीनमध्ये नव्या वर्षाला दारावर आणि चुलीवर कागदी चित्रं डकवतात, त्यांचे सुटे कागद मिळाले तर डोळे झाकून घ्या. लाल डब्यातलं, रेशमी काठाचं गुंडाळी-चित्र फुकट मिळालं तरी दोनदा विचार करा. बाकी ज्याला वेळ आहे त्यानं बसावं, सांगतो.

मी पेंटर. पुलगाव आणि आर्वीच्या मधल्या एका गावात राहतो. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पोळ्याला बैलांची शिंगं आणि तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी नंदी, जे समोर येईल ते रंगवतो. फ्लेक्सनं पाट्यांचं काम निम्म्यावर आणलं, पण ते रडगाणं इथं नको. आमच्या गल्लीतला एक पोरगा चीनमध्ये, सिचुआन प्रांतातल्या चेंगडूला डॉक्टरकी शिकतो. सुट्टीत यायच्या आधी त्याचा फोन आला, "काकाजी, तुमच्यासाठी काय आणू?" मी म्हटलं, "तिकडचे पेंटर घरादाराले काय काढून देतात ते आण. म्युझियमातलं नको, साध्या घरातलं पाह्यजे."

पोरगं हुशार. दारावर लावायची सरदारांची जोडी, एक लहान भराभर काढलेलं चित्र, चुलीवरचा देव आणि विमानतळावर घेतलेला तो डबा, असं सगळं घेऊन आलं. पहिल्या दोन वस्तू मिअनझूच्या. हे गाव चेंगडूपासून फार लांब नाही, असल्या चित्रांसाठीच ओळखलं जातं. चुलीचा देव त्याच्या वर्गातल्या, शानडोंग प्रांतातल्या मित्रानं घरून आणून दिलेला. दिवाळीच्या रंगरंगोटीत सगळं लावलं. आता मृगही लागून गेला, म्हणजे थंडी, ऊन आणि पहिला पाऊस तिन्ही झाले. आता बोलायला हरकत नाही.

या चित्रांचा हिशेब असा की ती वर्षापुरती असतात. चिनी नवं वर्ष आपल्या जानेवारी-फेब्रुवारीत येतं. त्याच्या आधी घर झाडून जुने कागद खरवडायचे आणि नवे डकवायचे. हा रिवाज आजकालचा नाही. बाराव्या शतकातल्या एका चिनी गृहस्थानं आपल्या राजधानीच्या, म्हणजे आजच्या काइफेंगच्या, आठवणी लिहून ठेवल्या आहेत. वर्ष सरत आलं की बाजारात छापील दारराखे विकायला येत, असं त्यात आहे. काइफेंगजवळच्या झुशियानझेनला आजही ते छापतात.

आता जोडी. दीड हात उंच दोन कागद, चिलखत घातलेले दोन सरदार. गोरा तो चिन च्योंग, काळा तो युची गोंग. माणसं खरी होऊन गेलेली, थांग घराण्याच्या ताइझोंग बादशहाचे सेनापती. हा बादशहा 626 ते 649 गादीवर होता. पुढची गोष्ट मात्र सांगोवांगीची: बादशहाला रात्री भुतं झोपू देईनात, तेव्हा हे दोघं हत्यारं घेऊन दाराशी उभे राहिले आणि भुतं पळाली. पण सेनापतीला रोज रात्री किती उभं ठेवणार? मग बादशहानं चितारी बोलावला आणि दोघांना कवाडावर काढून घेतलं. तेव्हापासून चित्रच ड्युटीवर. आमच्या धंद्याची याहून चांगली जाहिरात मी तरी ऐकली नाही.

लावताना एक ध्यानात ठेवा. दोघांची तोंडं एकमेकांकडे पाहिजेत. आमच्या भाच्यानं घाईत डावा उजवीकडे केला, तर दोघं धुऱ्यावरून भांडलेल्या भावांसारखे पाठ फिरवून उभे. चीनमध्ये हे अशुभ धरतात. अशुभाचं सोडा, दिसायलाच वाईट दिसतं. खळ ओली होती म्हणून निभावलं, कागद उचलून परत लावले.

काम कसं आहे ते पेंटरच्या नजरेनं सांगतो. मिअनझूमध्ये लाकडी ठोकळ्यानं फक्त काळी रेघ छापतात. बाकी सगळा रंग हातानं. युची गोंगच्या बाहीवर निळ्या रंगाचा एकच हात मारलेला आहे: खांद्याकडे गडद, मनगटाकडे पाण्यासारखा फिका, मध्ये कुठं सांधा नाही. हे दोन वेळा ब्रश फिरवून होत नाही. ब्रशच्या एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी, आणि मग न थांबता ओढायचं. थांबलात की डाग. आपण इनॅमलमध्ये शेडिंग करतो तेव्हा ओल्यावर ओलं घासून घासून जमवतो, इथं घासायची सोयच नाही. मी जुन्या वर्तमानपत्रावर करून पाहिलं. रद्दी वाढली, दुसरं काही झालं नाही. आणि गंमत अशी की छापलेल्या रेघेच्या आत राहायची यांनी फिकीर केलेली नाही. रंग रेघेबाहेर सांडला तर सांडला. वरून सोनेरी आणि पांढऱ्या बारीक रेघांनी चिलखताची खवलं उचलून घेतली की सगळं जागेवर बसतं. डोळ्यांना मात्र हात जपून लावला आहे. दाराबाहेर दहा पावलांवर उभं राहून पाहिलं तरी काळा सरदार नजर सोडत नाही.

कागद पातळ आहे, हा दोष म्हणा किंवा स्वभाव. गव्हाच्या पिठाची खळ लावली की कागद ढिला पडतो, दोघांनी धरून लावावा लागतो. सागाच्या जुन्या कवाडावर छान बसला. आमच्याकडे दार पश्चिमेला. एप्रिल-मेच्या उन्हात गुलाबी आणि जांभळा पार उतरले, पिवळा टिकला, काळ्याला काहीच झालं नाही. गुलाबी-जांभळ्याचं मला नवल वाटलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विलायती डबीतले रंग चीनमध्ये पोचले आणि दगडमातीचे, झाडपाल्याचे जुने रंग मागे पडले. डबीतला रंग भडक दिसतो, पण ऊन सोसत नाही. आपल्याकडे होळीला पळसाच्या फुलांचं पाणी जाऊन पुड्या आल्या, तीच तऱ्हा. ज्यांचं दार उत्तरेला किंवा ओसरीच्या आत आहे त्यांनी काळजी करू नये.

दुसरं नुकसान सांगण्यासारखं आहे. शेजारच्यांच्या बकरीला खळीचा वास लागला आणि तिनं युची गोंगचा एक पाय गुडघ्यापर्यंत खाल्ला. म्हणून खळीत मोरचूद टाका असं कोणी सांगेल. नका टाकू, मोरचूद विषारी असतं, पोरं-ढोरं घरात असतात. खालची कड कवाडाच्या आडव्या पट्टीच्या वर येईल अशी लावा, काम भागतं.

मला वाटलं होतं तसा आईला धक्का बसला नाही. दारावर चिनी माणसं कायले, असं ती म्हणेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "हे जिवतीसारखे वर्षाचे होय का?" झालं. तिला समजावायचं काही उरलंच नाही. आमच्याकडे दिव्याच्या अमावस्येला जिवतीचा कागद भिंतीवर लागतो. वर नरसिंह, मग कालियावर नाचणारा कृष्ण, लेकरं घेतलेली जिवती, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. श्रावणभर पूजा आणि पुढं कागद विसर्जन. त्याच दिवशी काही घरी अजून लोहार येऊन चौकटीला खिळा ठोकून जातो. दार राखायला काहीतरी लागतं, हे आमच्या आईला चिनी माणसानं सांगायची गरज नव्हती. तिचा आक्षेप एकच, "याईले हळदीकुंकू लावाचं का नाही?" यावर डॉक्टर पोरगाही गप्प बसला.

चुलीचा देव माझ्या घरात सगळ्यात जास्त चालला. नाव जाओ जुन. शानडोंगमधल्या वेइफांगजवळ यांगजियाबू म्हणून गाव आहे, तिथला हा छाप. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या शेतकरी, वावरातलं काम आटोपलं की हिवाळ्यात ठोकळे काढून छापायला बसायचे. पतंगही तेच करतात. यात रंगसुद्धा ठोकळ्यांनीच छापलेले, एका रंगाला एक ठोकळा. म्हणून ओठाचा लाल थोडा गालावर सरकला आहे. मला तो सरकलेलाच आवडतो.

हा देव वर्षभर चुलीवर बसून घरात कोण काय बोललं, कोणी काय केलं ते पाहतो. चीनच्या उत्तरेकडे त्यांच्या पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या 23 तारखेला, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी 24 ला, तो वर जेड सम्राटाला अहवाल द्यायला जातो. जायच्या आधी त्याच्या ओठांना चिकट माल्टची मिठाई फासतात, म्हणजे एकतर गोड बोलेल, नाहीतर तोंडच उघडणार नाही. मग जुना कागद जाळायचा, की निघाला. वर्षाच्या शेवटच्या रात्री नवा लावला की परत आला. हे ऐकून बायको म्हणाली, "तोंड गोड केल्याशिवाय अहवाल चांगला जातच नाही का कुठंच?" आमच्या घरात गॅस आहे, चूल मागच्या सांदवाडीत. देव गॅसच्या वर लावला. फोडणीचा धूर आणि तेलाचे शिंतोडे यांनी खालची बाजू पिवळी पडली, पण कागद सुटला नाही. इथं खळीऐवजी चार टाचण्या वापरल्या होत्या.

माझ्यासाठी खरा माल देवाच्या डोक्यावर होता. वर चौकटी आखून वर्षाचं कॅलेंडर छापलेलं असतं. त्यात सूर्याच्या चालीवर वर्षाचे 24 भाग, शेतकऱ्यानं कधी काय करायचं त्यासाठी. 2016 मध्ये युनेस्कोनं ही मोजणी आपल्या वारसा यादीत घेतली. पोरग्यानं एकेक वाचून दाखवलं. त्यातला जूनच्या 5-6 तारखेचा एक भाग म्हणजे कुसळाच्या धान्याचा: कुठं गव्हाची कापणी, कुठं भाताची लावणी. आपला मृग 7-8 जूनला लागतो. दोघांचा सूर्य एकच, दुसरं काय! अजून पुढं ऐका. यंदा पाणी सांभाळायला किती ड्रॅगन आहेत, नांगराला किती बैल आहेत, हेही त्या कागदावर छापतात. ड्रॅगन जास्त म्हणजे पाऊस जास्त असं मला वाटलं, तर लोकांत उलट म्हण आहे: ड्रॅगन फार झाले की दुष्काळ, कारण जो तो दुसऱ्यावर ढकलतो. बारभाईचा कारभार! आपल्या पंचांगात नक्षत्राचं वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आलं की आमचे म्हातारे खूश, कोल्हा आला की पेरणी लांबवा म्हणतात. आमच्या पारावर या ड्रॅगनवर जेवढी चर्चा झाली तेवढी सोयाबीनच्या भावावरही होत नाही. कालनिर्णय खिळ्याला आहेच, पण सध्या पाहुण्याला आधी हा कागद दाखवतो.

आता डबा. किंमत साडेतीन हजारांच्या वर, म्हणजे जोडीच्या कितीतरी पट. बाहेरून लाल मखमल, आत रेशमी काठाचं गुंडाळी-चित्र: गुटगुटीत बाळ, कवेत मोठा मासा, मागे कमळ. हे चित्र चीनमध्ये घरोघरी ओळखीचं आहे. माशाचा आणि शिलकेचा उच्चार त्यांच्यात एकच, म्हणून वर्षअखेर गाठीला काही उरो, असा आशीर्वाद. कापूसवाल्याच्या घरी तर हे पाहिजेच. मूळ चित्र यांगल्युचिंगचं, तियानजिन शहराच्या पश्चिमेला कालव्याकाठी वसलेल्या गावाचं. तिथली रीत अशी की रेघ ठोकळ्यानं आणि चेहरे, गाल, केस हातानं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका-पोरी रंग भरायच्या. भिंतीला दारासारख्या फिरत्या फळ्या लावायच्या, दोन्ही बाजूंना कागद डकवायचे. एक रंग कालवून सगळ्या फळ्यांवर फिरवायचा, तोवर पहिली वाळते, मग दुसरा रंग. जागा कमी, हात रिकामा नाही. ही युक्ती मी उचलणार आहे. नंद्यांना पाठीचा रंग लावून वाळत ठेवायला दरवर्षी अंगण पुरत नाही.

पण डब्यातल्या चित्राला यातलं काही लागलेलं नाही. गावातल्या घड्याळजीचं भिंग आणून गालावर धरलं, तर गालाची लाली म्हणजे बारीक ठिपके: लाल, पिवळे, निळे, काळे. ऑफसेटची छपाई. पुड्याच्या खोक्यावर असते तीच. मागची बाजू पाहिली, कोरी करकरीत. खऱ्या ठोकळ्याच्या छपाईत शाई पातळ कागदात मुरते, मागून रेघ दिसते. ठोकळा दाबलेल्या जागी बोट फिरवलं तर हलकी खोच लागते. हातानं भरलेल्या रंगाला कडेला गडद काठ येतो, तिथं ब्रश थांबलेला असतो. ही परीक्षा लक्षात ठेवा, कोणत्याही जुन्या-नव्या छापाला चालते. दुकानदारानं डब्यावर "हस्तकला" लिहिलं होतं असं पोरगा म्हणतो. हस्त कोणाचा, ते लिहिलं नव्हतं.

रेशमी काठाबद्दलही तक्रार आहे. पावसाळी दमट हवेत कागद आणि कापड वेगवेगळे ओढले गेले आणि बाळाच्या पोटावर आडवी सुरकुती पडली. शिवाय हे चित्र गुंडाळून जपून ठेवा, असं त्यात छापलेलं. जे वर्षाला फाडून टाकायचं ते जपायचं कशाला? जपायची गोष्ट त्या लोकांची वेगळीच होती. विद्वान मंडळी शाईच्या एका रंगात डोंगर, बांबू काढायची, वर कविता लिहायची, शिक्का मारायची. दाराची, चुलीची चित्रं म्हणजे कारागिरी, त्यांना मोजत नसत. माझ्या दारराख्यांवर सही नाही. माझ्याही नंद्यांवर नसते.

ठोकळ्यांचा धंदा मोडला तो मात्र विद्वानांनी नाही. आपल्याकडे 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला, 1894 मध्ये मुंबईला रविवर्म्याचा, आणि दगडी छपाईचे देव खेड्यापर्यंत आले. तिकडे शांघायच्या छापखान्यांनी रंगीत कॅलेंडरं काढली आणि हातचं काम महाग वाटू लागलं. मग 1966 नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत दारातले देव जुनाट ठरले, ठोकळे फोडले, जाळले. हेबेई प्रांतातल्या वुछियांगला 2003 मध्ये एका जुन्या घराच्या छपरात लपवलेले ठोकळे सापडले. कोणीतरी वर चढवून गप्प बसलं असेल. 2006 मध्ये मिअनझू, यांगल्युचिंग, यांगजियाबू ही सगळी नावं चीन सरकारच्या वारसा यादीत चढली. मिअनझूला तर 12 मे 2008 च्या भूकंपानं मुळापासून हलवलं. त्यानंतरही तिथं कोणी बसून बाहीवर असा निळा हात मारतो आहे, हे मला मोठं वाटतं.

शेवटी ते लहान चित्र, आणि खरं तर सगळ्यात वरचा नंबर त्याचाच. मिअनझूच्या कारखान्यांत अशी पद्धत होती की वर्षअखेरीस मालकाचं काम संपलं की कारागीर वाटीच्या तळाशी उरलेला रंग आणि उरलेले रेघेचे कागद घेऊन स्वतःसाठी चार चित्रं मारायचे. भराभर, कारण रात्र सणाची आणि घरी जायची घाई. ती बाजारात विकून येईल तो पैसा त्यांचा. आज जाणकार लोक नीट काढलेल्या चित्रांपेक्षा या घाईच्या चित्रांना जास्त मान देतात. माझ्याकडचं त्याच रीतीनं हल्ली काढलेलं आहे. सरदाराच्या छातीवर केशरी रंगाचे तीन फटकारे, दाढीला एक, झालं. घोटवायला वेळच नव्हता म्हणून ते जिवंत राहिलं. पोळ्याच्या आदल्या रात्री मीही उरलेल्या डब्यांत ब्रश बुडवून शेवटचे दोन-तीन नंदी असेच उडवतो आणि पोरं नेमके तेच आधी उचलतात. किंमत जोडीच्या निम्मी होती.

मिळवायचं कसं, हे बरेच जण विचारतात. आपल्या भागातली कितीतरी पोरं तिकडे डॉक्टरकीला आहेत, कोणाला तरी सांगा. विमानतळावर घेऊ नको, गावात जाऊन घे, आणि गुंडाळी करून आणताना पाइपच्या तुकड्यात घाल, एवढं बजावा. मी आमच्या पोरग्याला पुढच्या खेपेला नुसते रेघेचे कागद आणायला सांगितले आहेत, बिनरंगाचे. रंग मी भरणार. ज्या पाच-सहा जणांनी आत्ताच जोडी मागितली आहे त्यांना पहिला नंबर. भाव अजून ठरवला नाही, आणि पोळा होईपर्यंत कोणी विचारू नका, तेव्हा मला नंद्यांपुढे जेवायला फुरसत नसते.